बारा पट्ट्या, एकोणीस पोरं

रत्नागिरीला जाऊन आलेली माणसं आंब्याचं सांगतात, किल्ल्याचं सांगतात, समुद्राचे फोटो दाखवून दाखवून जीव खातात. मी दहा-अकरा दिवस राहून आलो आणि माझ्याकडं सांगायला आहे ते लहान पोरांच्या छातीचं. ती एका मिनिटात किती वेळा वर येते आणि किती वेळा खाली जाते. ऐकायला बोअर वाटतंय ना? मलाही वाटलेलं. म्हणून तर मी मध्येच जरा गंमत करायला गेलो, आणि त्या गमतीपायी एका पोरीची तीन वर्षांची मेहनत आणि एका बाईंनी गावाला दिलेला शब्द, दोन्ही खाडीत बुडायची वेळ आणली.

मी विट्याचा. शाळा विट्यात, कॉलेज विट्यात, फिजिक्सची बीएस्सी, मार्क विचारू नका. मला एकच विद्या नीट येते, नकलांची. हेडसर, एसटीचा कंडक्टर, गल्लीतला गिरणीवाला, चालू होता होता बंद पडणारी मोटरसायकल. यातून पोट भरत नाही, पण हशा भरपूर मिळतो.

मधुराताई माझ्या मावसबहिणीची मैत्रीण. पुण्यात पीएचडी करते. तिनं एक पट्टी बनवलीय. रबरासारखी पातळ फिल्म, तिच्यावर कार्बनच्या शाईच्या रेघा. फिल्म ताणली की रेघांमधून जाणारी वीज कमी होते, सोडली की पुन्हा पहिल्यासारखी. पोराच्या छातीला चिकटवली की प्रत्येक श्वासाला ती ताणते नि सैल होते, आणि शेजारचं शर्टाच्या बटणाएवढं यंत्र ते मोजून ठेवतं. लहान पोराला न्यूमोनिया होतो तेव्हा आधी त्याचा श्वास जोरात चालायला लागतो. गावातल्या ताई घड्याळ धरून, छातीकडं बघत तो मोजतात. पण पोर रडत असलं, हात झाडत असलं, की काय मोजणार? ही पट्टी झोपेत मोजते.

"मग तुला मी कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"पट्टीचा आकडा बरोबर आहे का हे बघायला रोज आपल्यालाही डोळ्यांनी मोजावं लागणार. त्यासाठी पोर मिनिटभर शांत पाहिजे," ताई म्हणाली. "तू त्यांना गप्प बसव."

म्हणजे हुद्दा प्रकल्प सहायक, काम खुळखुळ्याचं. मी एका पायावर तयार.

आंबा घाट

कऱ्हाडवरून ताईच्या जीपमध्ये बसलो. आमच्याकडं रस्ता म्हणजे सरळ, दोन्ही बाजूला ऊस. आंबा घाटात रस्ता असा काही वळतो की आपलीच पाठ आपल्याला दिसेल की काय असं वाटतं. साखरप्याला पोचेपर्यंत मी सकाळचा वडापाव, आदल्या दिवशीचं जेवण आणि थोडासा स्वाभिमान घाटाला अर्पण केला. ताईनं लिंबू दिलं आणि म्हणाली, "सर विचारत होते, तो मुलगा भरवशाचा आहे का. मी हो म्हटलंय."

सर म्हणजे ताईचे गाईड. मी त्यांना पुण्यात एकदाच भेटलो होतो, दहा मिनिटं. तेवढी पुरली. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायचे, मग नाकातून एक लांब "हंऽऽ", मग प्रत्येक शब्द इस्त्री करून. "हंऽऽ. मधुरा. भावना नकोत. डेटा दाखवा." साखरप्याच्या पुढं पोटात काही उरलं नाही तेव्हा मी सरांच्या आवाजात घाटाला मार्क दिले. ताई इतकी हसली की तिनं जीप बाजूला घेतली.

तिथंच तिनं मला खरी गोष्ट सांगितली. दहा रात्री. बारा पोरं. प्रत्येक पोराचा सलग, स्वच्छ डेटा. तो मिळाला तर पुढचा टप्पा याच गावात होणार, आणि पट्ट्या अख्खा पावसाळा गावातच राहणार. नाही मिळाला तर सर सगळं उचलून पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेणार. "आणि आपण ज्यांच्याकडं उतरणार त्या सकिना आपांनी गावाला सांगून ठेवलंय की पट्ट्या राहणार," ताई म्हणाली. "पावसात खाडीला उधाण आलं की पोरांना पलीकडं दवाखान्यात नेता येत नाही म्हणून."

खाडीकाठची वाडी

पूर्णगडाच्या खाडीला लागून गाव. नाव सांगत नाही, कारण पुढं मी जे केलं ते वाचल्यावर तुम्ही चौकशीला जाल. वर सडा, म्हणजे काळ्या जांभ्या दगडाचं उघडं पठार. उतारावर आंब्याची कलमं, त्यांना नुकता मोहोर आलेला. खाली एका बाजूला मुसलमानांचा मोहल्ला, एका बाजूला खारव्यांची, म्हणजे मच्छीमारांची वाडी, मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्याला लागून अंगणवाडी.

आम्ही उतरलो सकिना आपांकडं. साठीच्या पुढच्या, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, पण गावानं त्यांना रिटायर केलेलं नाही. मुलगा कुवेतला, त्यानं मोठ्ठं घर बांधलंय, त्यात त्या एकट्या आणि चार मांजरं. काही वर्षांपूर्वी गावाच्या उपकेंद्राला नर्स मिळत नव्हती. आपांनी दोन्ही वाड्यांतल्या बायका घेतल्या, पोरं घेतली, तांदूळ घेतले, आणि सरकारी कचेरीच्या पायरीवर चूल मांडली.

"तीन दिवस सायेब बाहेर येयना," आपा सांगत होत्या. "चवथ्या दिवशी मी बांगडे तळायला घेतले. वासान खुर्ची सोडून आला मेला. सही करूनच खाल्लान."

"त्यांना बांगडा दिला तुम्ही?"

"दिला तर! भांडण वायला, जेवण वायला." वायला म्हणजे वेगळं.

जेवणाचं सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं मासा म्हणजे तळ्यातला, तोही काट्यांसकट भांडत भांडत खायचा. इथं पहिल्याच दुपारी आपांनी तिसऱ्या वाढल्या. मला वाटलं, शिंपल्यासकट चावायचं. चावलं. दाताचा एक कोपरा रत्नागिरी जिल्ह्यात राहिला. संध्याकाळी सांदणं मिळाली, नारळाच्या दुधातली, मऊ, गोडसर. आमच्या आईला सांगितलं तर म्हणेल, इडलीला साखर कुणी घातली? मी सहा खाल्ली. आपा म्हणाल्या, "देशावरचा माणूस ना, कमीच खातो."

अंगणवाडी

दुसऱ्या दिवशी पोरं निवडायची होती. गावात पाच वर्षांखालची एकोणीस. पट्ट्या बारा. सरांचा नियम, की आपल्या मनानं निवडायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. ताईनं एका स्टीलच्या डब्यात एकोणीस चिठ्ठ्या टाकल्या आणि एका चिमुरडीकडून बारा उचलल्या. ज्यांचं नाव निघालं त्या बायकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, पट्टीची डबी घेतली. रात्री झोपताना लावायची, सकाळी काढून डबीत ठेवायची. मग ताई जीप घेऊन आरोग्य केंद्रात कागदावर शिक्का आणायला गेली.

मागं उरल्या सात आया आणि त्यांची सात पोरं. कुणी काही बोलेना. कोकणातली माणसं न बोलता जेवढं बोलतात तेवढं आमच्याकडं भांडणातसुद्धा बोलत नाहीत. त्यात एक पोर रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं, मग सातही.

आपा माझ्याकडं वळल्या. "बावा, तुझ्या सायबाला विचार. ह्या सातांनी काय केलान? ह्यांका छाती नाय?"

आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? सांगायला पाहिजे होतं की आपा, थांबा, ताई येऊ दे. पण सात पोरं रडतायत, सात बाया गप्प आहेत, आणि मला एकच औषध माहितीय. मी फोन कानाला लावला. "हॅलो सर? हां, एक मिनिट, स्पीकरवर टाकतो." मग फोन तोंडासमोर धरला, थोडा वळलो, आणि घसा दोनदा साफ केला.

"हंऽऽ. नमस्कार. कुणालाही वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सर्वांचा नंबर लागेल. हंऽऽ. प्रत्येक बालक आम्हाला समान आहे."

पोरं गप्प झाली. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. आपाही हसल्या, म्हणाल्या, "सायेब भला माणूस दिसतोय."

मला वाटलं, विनोद पोचला. मी तर त्यांच्या तोंडासमोर ओठ हलवत होतो! आपांनी सरांना भला म्हणणं हे मी विनोदाला मिळालेलं उत्तर समजलो. कमरेत वाकून दादही स्वीकारली.

मोजणीचे दिवस

पुढचे दिवस मजेत गेले. सकाळी आम्ही बारा घरं फिरायचो. ताई घड्याळ धरायची, मी पोरासमोर बसायचो. पहिल्याच घरात माझा धंदा उघडा पडला. मी बोकड काढला, पोर हसायला लागलं, आणि हसणाऱ्या पोराचा श्वास मोजता येत नाही.

"हसवू नकोस रे," ताई ओरडली. "गप्प बसव!"

हा माझ्यासाठी नवा प्रकार होता. आयुष्यभर लोकांना हसवलं, आता थक्क करायचं होतं. शेवटी सापडलं. खाडीतल्या होडीचं इंजिन. लांबून येतं, जवळ येतं, जवळ येतं, पण पोचत नाही. पोरं डोळे मोठे करून ऐकत राहायची, की आता येणार, आता येणार. तोवर मिनिट संपायचं. हळूहळू मी ताईकडून घड्याळ घेऊन स्वतःही मोजायला शिकलो. एक वर-खाली म्हणजे एक. सुरुवातीला माझे आकडे ताईपेक्षा कायम पाचनं जास्त यायचे. मी पोरांबरोबर स्वतःचेही मोजत होतो.

बोलण्याचं एक सांगतो. तिथला सूर मला काही केल्या जमला नाही. वाक्य संपताना तो असा वर जाऊन हलकेच बसतो, पक्षी फांदीवर बसल्यासारखा. माझा पक्षी दर वेळी फांदी मोडायचा. एकदा मी दुकानात "काय गो बाय, बरा हाय मा?" म्हटलं, तर दुकानवाली म्हणाली, "तुम्ही आपले तुमच्यातलाच बोला. दात दुखतोय काय?" दात खरंच दुखत होता, ते वेगळं.

सातवा दिवस

मोजणीच्या सातव्या दिवशी दुपारी ताईनं आपांना सांगून बाराही बटणं मागवली आणि लॅपटॉपला जोडली; एक डबी तर पट्टीसकटच आली. मी पडवीत काजूगर सोलत होतो. आतून ताईचा आवाज आला, अगदी बारीक. "पट्टी चार बिघडली."

पट्टी चार म्हणजे झोयाची. झोया तीन वर्षांची. चार रात्री तिचा श्वास मिनिटाला सव्वीसच्या आसपास. पाचव्या रात्रीपासून एकदम चाळीस. "अशी कोण पोरगी असते?" ताई म्हणाली. "आणि ती सकाळी ठणठणीत होती, आपणच मोजलं." मग पट्टी सात. मग नऊ. बारापैकी सहा पट्ट्या मध्येच दुसरंच काहीतरी सांगायला लागल्या होत्या.

ताईनं ठरवलं, की हवा. खारी, दमट हवा शाईत शिरली, रेघांना तडे गेले, फिल्म गेली. तीन वर्षांत तिनं शंभर तऱ्हेनं शाई बदलली होती आणि पुण्याच्या कोरड्या हवेत पास झालेली ही शेवटची. तिनं वही काढली, लिहिलं, "किनारी हवेत फिल्म निकामी," आणि खाली रेघ ओढली. रेघ ओढताना पेन कागदातून आरपार गेलं.

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "झोयाकडं जाऊन पट्टी घेऊन येतो. भिंगाखाली बघ एकदा."

झोयाची आई निलोफर ओट्यावर मासे निवडत होती.

"भाभी, झोयाची पट्टी हवी होती."

"पट्टी? ती आता आर्यनकडं."

"आर्यन कोण?"

"खालच्या वाडीतला, दहा महिन्यांचा. त्याचा नंबर लागला ना."

"कसला नंबर?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जसं मी विचारलं, की ही समोर निळी निळी दिसते ती कोण. "अरे, भिशीचा!"

मग मला उलगडा झाला. या बायकांची भांड्यांची भिशी आहे. दर महिन्याला डब्यात चिठ्ठ्या टाकतात, जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याचं पातेलं. पण भिशीत कुणी हरत नाही. आज तुझं, पुढच्या महिन्यात माझं, पण नंबर सगळ्यांचा. चिठ्ठी काढून काहींना देतात आणि बाकीच्यांना कधीच देत नाहीत, असला प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून मोजणीच्या पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी आपांच्या मागच्या ओट्यावर एक चिठ्ठी निघत होती. एक डबी एका घरातून उठून दुसऱ्या घरात जात होती. आम्ही दोघं तेव्हा खाडीवर सूर्यास्ताचे फोटो काढत असायचो. सकाळी आम्ही जायचो ते त्याच बारा घरी. पोर जागेवर असायचं, डबी कुठाय हे आम्ही कधी विचारलंच नाही.

"पण भाभी, ताईला विचारायचं तरी!"

"विचारायचं काय? तुझ्या फोनवर सायेबच बोलले ना, सगळ्यांचा नंबर लागेल."

मी पट्टीचं नाव न काढता ओट्यावरून उतरलो.

जेटी

परत येताना मी जेटीवर थांबलो. खरं सांगतो, पाच मिनिटं माझ्या डोक्यात चाललं होतं, की गप्प राहावं. ताईनं दोष हवेवर टाकलाच आहे. हवा काय उठून म्हणणार नाही, की माझ्यावर खोटा आळ घेतला. मी विट्याला जाईन, नकला करीन.

पण ताई फिल्म टाकून देणार होती. चांगली असलेली.

घरी आलो तर ती अंगणात होती. कपडे वाळत घालायच्या दोरीला तिनं डबीतून आलेली ती पट्टी लटकवली होती, खाली जाळ्याचं शिशाचं वजन बांधलेलं, शेजारी मीटर. वजन ओढायची, सोडायची, आकडा बघायची.

"हे बघ ना," ती वैतागून म्हणाली. "आता बरोबर दाखवतेय. शंभर वेळा ताणली, शंभर वेळा बरोबर. मग रात्री काय होतं हिला?"

"ताई, फिल्म पास आहे," मी म्हटलं. "नापास मी आहे."

आणि सांगितलं. अंगणवाडी, सात पोरं, फोन, घसा, भिशी, सगळं. सरांच्या आवाजात नाही सांगितलं. आधी ताईच्या चेहऱ्यावर फिल्म वाचल्याचा आनंद आला, तो पुरता येतो न येतो तोच बाकीचं तिच्या लक्षात आलं.

"त्या सहा पोरांच्या संमतीपत्रावर सह्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांचा डेटा ठेवणं गुन्हा आहे. आणि उरली सहाच." मग मीटर बंद करून, "मी सरांना सांगितलं होतं तू भरवशाचा आहेस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपा

आपांना सांगायचं काम ताईनं माझ्यावरच टाकलं. त्या चुलीपुढं होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली, दुसऱ्या बाजूनं भाजली, उतरवली.

"म्हंजे ता सायेब नव्हता."

"नाही आपा. मी होतो."

"हां." त्यांनी पदरानं हात पुसले. "चाळीस वर्सां हीच कामां करतंय मी. कुठल्या सायबान एका फोनवर हो म्हटलान नाय कधी. तेव्हाच माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता."

त्या हसल्यासुद्धा. पण अंगणवाडीत हसल्या होत्या तसं नाही.

मग त्या उठून आत गेल्या आणि एक लांबट वही घेऊन आल्या. भिशीची वही. कुठल्या संध्याकाळी कुठली डबी कुणाकडून कुणाकडं, समोर देणारीची सही, घेणारीची सही. "लिहून ठेवल्याशिवाय नंबर फिरत नाय आमच्यात. भांडणां होतात." ताईनं ती वही बघितली आणि तिला रडू आलं. पुण्यातल्या लॅबमध्ये कुणाची नोंद इतकी चोख नसते, म्हणाली.

सरांना फोन लावला. खराखुरा, स्पीकरवर. पलीकडून घसा दोनदा साफ झाला. "हंऽऽ. मधुरा. बोला." आपा फोनकडं नाही, माझ्या ओठांकडं बघत होत्या. मी दोन्ही ओठ दातांत धरून ठेवले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, सहा पोरांचा डेटा स्वच्छ आहे तो ठेवा. बाकी आजच्या आज पुसून टाका. काम थांबवा. पट्ट्या पुण्याला परत आणा. सहायकाबद्दल नंतर बोलू.

"सायेब," आपा मध्येच म्हणाल्या, "चूक ह्या बोक्याची. गावाची नाय."

"हंऽऽ. पण बारा पूर्ण नाहीत, बाई. माझा नाइलाज आहे."

"बारा तुम्ही म्हटलात. गावात एकोणीस हायत. तुमचा हिशेबच अर्ध्या गावाचा, तो पुरा कसा होईल? एकोणीस कागद आणा. एकोणीस सह्या देतंय. नंबर कसा फिरवायचा ता आमच्यावर सोडा, वही तुमच्या पोरीन बघितलान."

मी आयुष्यात पहिल्यांदा सरांना "हंऽऽ" सुद्धा न करता गप्प ऐकलं.

"मधुरा," शेवटी ते म्हणाले, "नवीन अर्ज लिहा. एकोणीस मुलं, पाळीपाळीनं. कमिटीपुढं ठेवू. मंजूर होईलच असं नाही. पावसाळ्याआधी होईल असं तर मुळीच सांगत नाही."

"आणि नाय झाला तर," आपा म्हणाल्या, "पुण्याला पण पायऱ्या असतीलच."

अर्ज गेलाय. मी हे लिहितोय तोवर उत्तर आलेलं नाही.

एकोणीस घरं

फोन ठेवल्यावर आपांनी वही माझ्या हातात दिली. "ज्या तोंडान नंबर वाटलास त्याच तोंडान जाऊन सांग. एकोणीस घरां. एक पण सोडायचा नाय. डब्या घेऊन ये."

आठव्या दिवशी सकाळी निघालो. मला वाटलेलं, शिव्या खाईन. शिव्या कुणी दिल्याच नाहीत, त्याहून वाईट झालं. कुणी विश्वासच ठेवेना.

"सायेब मागं फिरला ना?" पहिल्याच घरातली आजी म्हणाली. "आणि तुझ्यावर ढकलतोय. खा, घावणं खा."

"अहो आजी, मीच बोललो होतो."

"हो हो. गरीब माणूस काय बोलणार. चटणी घे."

तिसऱ्या घरी मी वैतागून सरांचा आवाज काढून दाखवला. तिथल्या बाईंनी सुनेला हाक मारली, "गो ऐक, किती हुबेहूब करतो! साहेबासारखाच!" म्हणजे नक्कल पटली, पण तेव्हाही नक्कलच होती हे काही पटेना. सातव्या घरापर्यंत माझ्या पोटात चार घावणे, दोन कप चहा, एक वाटी तांदळाची खीर आणि बरीचशी लाज साठली होती. निलोफर भाभीला मात्र पटलं. तिनं मासे कापायची कोयती हातात घेतली, मला म्हणाली, "जीभ दाखव," आणि मग स्वतःच फस्सकन हसली. "तरी मला वाटला, सायेब बोलतोय नि तुझा गळा का हलतोय."

दुपारपर्यंत अकरा डब्या झाल्या. बारावी आपांच्या घरीच होती, त्या संध्याकाळच्या नंबरासाठी काढून ठेवलेली. वहीत अठरा नावांपुढं सह्या होत्या. एकोणिसाव्या नावापुढं जागा मोकळी होती.

ते घर खारवीवाडीच्या टोकाला, पाण्याला लागून. वैशाली नावाची बाई, माझ्याच वयाची. नवरा ट्रॉलरवर, पंधरा दिवसांनी येणार. पोरगा आठ महिन्यांचा, रुद्र. सहाही चिठ्ठ्यांत त्याचं नाव निघालं नव्हतं, त्यामुळं सातवा नंबर चिठ्ठी न काढताच त्याचा होता; काल बटणं ताईकडं होती म्हणून तो आजवर गेला होता.

मी दारात गेलो तेव्हा तिनं पोराला न्हाऊ घालून उन्हात बसवलं होतं. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "आताच आणलीत? आपा संध्याकाळी बोलल्या होत्या."

मी सांगितलं. आता एकोणिसाव्यांदा सांगताना सगळं पाठ झालं होतं, तरी अडखळलो. तिनं ऐकून घेतलं. निलोफर भाभी सोडली तर लगेच विश्वास ठेवणारी तीच.

"पट्टी चिकटायला हवी म्हणून दोन दिवस छातीला तेल लावला नाय मी," ती म्हणाली. "आता लावू काय?"

मी म्हटलं, "लावा."

ती तेलाची बाटली आणायला आत गेली. जाताना पोर माझ्याकडं दिलं. मी इंजिन काढलं नाही, बोकड काढला नाही. ते आपोआपच गप्प होतं, माझ्या शर्टाचं बटण ओढत होतं. उघड्या छातीवर ऊन पडलं होतं. मी मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि मोजायला लागलो. एक. दोन. तीन. ती बाहेर आली, बघितलं, आणि बाटली हातात धरून तशीच उभी राहिली, मिनिट होईपर्यंत.

"अडतीस," मी म्हटलं. "या वयाला अगदी बरोबर."

"नक्की?"

"थांबा." मी पुन्हा मोजलं, पूर्ण मिनिट. "अडतीसच."

तिनं हात पुसले, पिशवीतनं डोकावणारी वही स्वतःच ओढून घेतली, आपलं नाव शोधलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून वही माझ्यापुढं धरली.

"लिहा मग," म्हणाली. "आणि तुमची सही करा. तुमच्या सायबाची नको."